शेपटीवरून कूळ ठरते का? लघुग्रह आणि धूमकेतू यांच्या सीमेचा आढावा

चिलीतल्या ला सिया वेधशाळेतून १९९६ साली घेतलेल्या छायाचित्रांत एरिक एल्स्ट आणि गिडो पिझारो यांना एका वस्तूमागे बारीक, सरळ शेपटी दिसली. कक्षा काढल्यावर कळले की वस्तू नवी नाहीच. १९७९ सालीच तिची नोंद झाली होती आणि तीही साधा लघुग्रह म्हणून. आज तिच्या नावे दोन दाखले आहेत. लघुग्रहांच्या यादीत ती क्रमांक ७९६८ आहे, धूमकेतूंच्या यादीत १३३पी. असे दुहेरी दाखले बाळगणाऱ्या वस्तू आणखीही आहेत: कायरॉन, एकेक्लस, विल्सन-हॅरिंग्टन. संख्या पाहिली तर हे अपवाद अगदीच किरकोळ ठरतात. ज्ञात लघुग्रह दहा लाखांच्या पुढे गेले आहेत आणि ज्ञात धूमकेतू चार हजारांच्या आसपास आहेत. तरी गेल्या तीस वर्षांत या क्षेत्रातली बरीचशी चर्चा या मूठभर वस्तूंभोवतीच फिरली, कारण लघुग्रह आणि धूमकेतू या मुळात दोन जाती आहेत की एकाच रांगेची दोन टोके, हा प्रश्न त्यांनीच उभा केला.

नुसत्या वर्गवारीचा हा वाद असता, तर तो याद्या सांभाळणाऱ्यांवर सोडून देता आला असता. पण ग्रह बनताना उरलेले हे साहित्य कुठे तयार झाले, ते आजच्या जागी कसे पोहोचले आणि पृथ्वीवरच्या पाण्यात त्याचा वाटा किती, हे सगळे त्या उत्तरावर अवलंबून आहे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. इथे मात्र मूळ आणि कूळ विचारणे हाच संशोधनाचा विषय आहे.

दोन जातींची जुनी व्यवस्था

१ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियाझी यांना सेरेस दिसला. त्यांनी तो धूमकेतू म्हणून कळवला. एका पत्रात मात्र, हे धूमकेतूपेक्षा काही अधिक चांगले असावे अशी शंका त्यांनी बोलून दाखवली, कारण त्याच्याभोवती धूसरपणा नव्हता आणि त्याची चाल संथ व एकसारखी होती. पुढच्या सहा वर्षांत पॅलस, जुनो आणि वेस्टा सापडले. तोवर, १८०२ मध्येच, विल्यम हर्शल यांनी या वस्तूंना ग्रहांपासून आणि धूमकेतूंपासूनही वेगळे काढले होते. दुर्बिणीतून ताऱ्यासारखा ठिपका दिसला तर लघुग्रह, धूसर डोके किंवा शेपटी दिसली तर धूमकेतू, ही व्यवस्था तिथून रूढ झाली. ती निव्वळ दिसण्यावर बेतलेली होती. द्रव्याबद्दल त्या काळी कोणाला काही सांगता येणे शक्यच नव्हते.

द्रव्याचा विचार ठामपणे आला तो १९५० मध्ये. एन्के धूमकेतू गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात बसत नव्हता, तो दर फेरीत थोडा आधी परतायचा. फ्रेड व्हिपल यांनी त्याचे कारण मांडले: धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळ मिसळलेला बर्फाचा गोळा आहे, सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होऊन फवारे सुटतात आणि त्यांचा धक्का गाभ्याला बसतो. त्याच वर्षी यान ऊर्ट यांनी अवघ्या १९ धूमकेतूंच्या कक्षा तपासून सूर्यमालेच्या अतिदूरच्या कडेला धूमकेतूंचे एक भांडार, म्हणजे आजचा ऊर्ट मेघ, असल्याचे अनुमान काढले. इतक्या थोड्या सामग्रीवर उभे राहिलेले आणि इतके टिकलेले अनुमान खगोलशास्त्रात दुर्मीळच. नेपच्यूनपलीकडच्या पट्ट्याची कल्पना केनेथ एजवर्थ आणि जेरार्ड कायपर यांनी याच सुमारास मांडली होती, पण त्यातली पहिली वस्तू (प्लूटो आणि त्याचा उपग्रह सोडून) डेव्हिड जुइट आणि जेन लू यांना हवाईतल्या मौना केआवरून १९९२ मध्ये सापडली.

या सगळ्यातून एक सुटसुटीत चित्र तयार झाले. सूर्याभोवतीच्या आद्य तबकडीत, आजच्या लघुग्रह पट्ट्याच्या जवळपास कुठेतरी, हिमरेषा होती. तिच्या आत पाणी वाफेच्या रूपात राहिले आणि कोरडे खडकाळ पिंड बनले. तिच्याबाहेर बर्फ गोठला आणि धूमकेतूंचे साहित्य तयार झाले. आतले ते लघुग्रह, बाहेरचे ते धूमकेतू. कक्षेसाठीही एक मोजमाप मिळाले: गुरूच्या संदर्भात काढलेला टिसराँ अंक तीनपेक्षा जास्त असेल तर कक्षा लघुग्रहाची, कमी असेल तर धूमकेतूची. दिसणे, कक्षा आणि द्रव्य हे तिन्ही निकष एकच उत्तर देत होते, तोपर्यंत कोणाला अडचण नव्हती.

पहिला तडा धूमकेतूंच्या बाजूनेच गेला. १९८६ च्या मार्चमध्ये युरोपचे जोत्तो यान हॅलेच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. तिथे चकाकणारा बर्फ नव्हता. गाभा त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम चार टक्के परत पाठवत होता आणि वायूचे फवारे पृष्ठभागाच्या थोड्याच भागातून सुटत होते. रोझेटा यान २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षे ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको या धूमकेतूसोबत राहिले, तेव्हा त्याची घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास भरली, म्हणजे आत बरीचशी पोकळी. बर्फाच्या तुलनेत धूळ किती, यावर त्याच मोहिमेतल्या गटांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्ही जवळपास समान असल्याचे सांगणारे आहेत, तसेच धूळ कित्येक पट जास्त असल्याचे सांगणारेही आहेत. व्हिपल यांचा मळका हिमगोळा खरा, की बर्फ मिसळलेले मातीचे ढेकूळ खरे, हा जुना प्रश्न एवढ्या जवळून पाहूनही मिटलेला नाही.

सीमेवरची मंडळी

विल्सन-हॅरिंग्टन १९४९ मध्ये पालोमारच्या छायाचित्रात शेपटीसह दिसला आणि हरवला. १९७९ मध्ये एक लघुग्रह सापडला. दोन्ही एकच, हे १९९२ मध्ये उघड झाले. त्यानंतर त्याने पुन्हा शेपटी दाखवलेली नाही. कायरॉनची गोष्ट उलट दिशेची. चार्ल्स कोवाल यांना तो १९७७ मध्ये शनी आणि युरेनस यांच्या कक्षांदरम्यान लघुग्रह म्हणून सापडला. १९८८ मध्ये तो अनपेक्षितपणे उजळला आणि पुढच्या वर्षी त्याच्याभोवती धूसर आवरण दिसले. सूर्यापासून एवढ्या अंतरावर पाण्याच्या बर्फाची वाफ होत नाही, म्हणजे तिथे अधिक सहज उडून जाणारे काही असले पाहिजे. कायरॉनसारख्यांना, म्हणजे नेपच्यूनपलीकडून आत येण्याच्या वाटेवर असलेल्या पिंडांना, आता स्वतंत्र गटच आहे.

एल्स्ट-पिझारोचे प्रकरण मात्र वेगळे, कारण तो कुठून येतो आहे असा प्रश्नच नव्हता. तो मुख्य पट्ट्यातच, थेमिस कुटुंबातल्या लघुग्रहांसोबत, बऱ्यापैकी गोल कक्षेत फिरतो. १९९६ ची शेपटी एखाद्या धडकेने उडालेली धूळ म्हणून सोडून देता आली असती. पण २००२ मध्ये ती पुन्हा आली, २००७ मध्ये पुन्हा आली आणि दर वेळी सूर्याजवळच्या बिंदूच्या आसपास. ठरलेल्या ऋतूत पुन्हा पुन्हा होणारी धडक कोणी मानणार नाही. बर्फाची वाफ होणे हेच सोपे स्पष्टीकरण होते. हेन्री शे आणि डेव्हिड जुइट यांनी २००६ मध्ये अशा तीन वस्तू एकत्र मांडून मुख्य पट्ट्यातले धूमकेतू असा वर्गच प्रस्तावित केला. साडेचार अब्ज वर्षे सूर्यापासून एवढ्या जवळ राहून बर्फ टिकेल कसा, हा आक्षेप साहजिक होता. त्यावरचे उत्तर असे: राखेखाली निखारा टिकावा तसा काही मीटर धुळीच्या थराखाली बर्फ टिकू शकतो आणि एखाद्या लहानशा धडकेने थर उडाला की तो उघडा पडतो.

तरीही सतरा वर्षे हा सगळा युक्तिवाद अप्रत्यक्षच राहिला, कारण दिसत होती ती धूळ, वाफ कोणालाच सापडत नव्हती. ती २०२३ मध्ये मिळाली. जेम्स वेब दुर्बिणीने २३८पी रीड या, शे आणि जुइट यांच्या मूळ तिघांपैकीच एकाच्या भोवती पाण्याची वाफ टिपली. सोबत एक कोडेही आले. धूमकेतूंमध्ये सहसा भरपूर आढळणारा कार्बन डायॉक्साइड तिथे नव्हता. एक मत असे की तो पूर्वी होता आणि पट्ट्यातल्या उबेत उडून गेला. दुसरे असे की हा पिंड मुळात जिथे बनला तिथे तो गोठलाच नव्हता. या दोहोंत निवड करणे म्हणजे पिंडाचे जन्मस्थळ ठरवणे, आणि तेवढा पुरावा आज हाती नाही.

दुसऱ्या बाजूला, शेपटी दिसली म्हणजे बर्फ आहे हे समीकरणही टिकले नाही. २०१० मध्ये पी/२०१० ए२ या वस्तूमागे एक्स आकाराचा ढिगारा दिसला आणि त्याच वर्षाअखेरीस शीला नावाचा लघुग्रह धडकेमुळे उजळला. २०१३ मध्ये हबलने टिपलेल्या ३११पी या पिंडाला एक सोडून सहा शेपट्या होत्या. सूर्यप्रकाशाच्या सूक्ष्म दाबाने लहान पिंडाची गिरकी हळूहळू वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर त्याची माती सुटू लागते, हे त्यामागचे कारण बहुतेकांनी मान्य केले आहे. त्याच सुमारास पी/२०१३ आर३ हा पिंड डोळ्यांदेखत तुकड्यांत विखुरला. धडक, गिरकी, उष्णतेने तडकणे, बर्फाची वाफ: शेपटीची कारणे अशी चार-पाच आहेत आणि दुरून पाहता ती एकसारखीच दिसतात. 'सक्रिय लघुग्रह' हे व्यापक नाव पुढे आले ते यामुळेच. कारण न सांगता नुसती घटना सांगण्याची सोय त्यात आहे.

फेथॉनने या गोंधळात आणखी भर घातली. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने शोधलेला हा पाच-सहा किलोमीटरचा पिंड दर दीड वर्षाने सूर्याजवळ जातो, तोही बुधाच्या अंतराच्या निम्म्याहून कमी अंतरावर. डिसेंबरच्या मध्याला मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव आपल्याकडेही गावाबाहेरच्या माळावरून छान दिसतो. त्याची उगमरेषा फेथॉनच्या कक्षेशी जुळते, हे व्हिपल यांनीच लगेच दाखवून दिले. उल्कावर्षावाचे मूळ धूमकेतू असतात हा नियम, पण फेथॉन दिसतो लघुग्रहासारखा. सूर्याजवळ असताना २००९ आणि २०१२ मध्ये तो उजळलेला दिसला, तेव्हा तापून तडकलेल्या खडकाची धूळ सुटत असावी असे मानले गेले. २०२३ च्या एका अभ्यासाने ती शेपटी धुळीची नसून सोडियमच्या वायूची असल्याचे दाखवले. म्हणजे आजचा फेथॉन एवढ्या उल्कांना पुरेल इतकी धूळ सोडतच नाही. मग ती कधीतरी एकाच मोठ्या उद्रेकात सुटली का? पार्कर यानाच्या धूळ-मोजणीवरून काहींचे तसे मत आहे, पण तो उद्रेक कशामुळे झाला हे कोणी सांगितलेले नाही.

हातात आलेली माती

दुर्बिणीचे वाद पुढे सरकले ते नमुने पृथ्वीवर आल्यावर. स्टारडस्ट यानाने २००४ मध्ये वाइल्ड-२ धूमकेतूच्या फवाऱ्यातून जाताना टिपलेले कण २००६ च्या जानेवारीत युटाच्या वाळवंटात उतरले. डोनाल्ड ब्राउनली यांच्या गटाची अपेक्षा होती ती ताऱ्यांमधल्या प्राचीन धुळीची. मिळाले ते वेगळेच. अशनींमध्ये आढळणारे, हजार अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय न बनणारे कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे कण आणि ऑलिव्हिनचे स्फटिक त्या बर्फाळ पिंडात होते. सूर्याच्या अगदी जवळ तयार झालेली ही सामग्री नेपच्यूनच्या परिसरापर्यंत कशी पोहोचली, याचे तपशील अजून वादात आहेत. पण आतले आणि बाहेरचे साहित्य आधीपासूनच मिसळले होते, एवढे त्यातून पक्के झाले. माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत निर्णायक पुरावा हाच, कारण हिमरेषेच्या आतबाहेरची साधी विभागणी त्याने मोडली.

जपानच्या हायाबुसा-२ ने सुमारे ९०० मीटरच्या र्‍युगूवरून आणलेली ५.४ ग्रॅम माती ६ डिसेंबर २०२० रोजी ऑस्ट्रेलियात वूमेरा इथे उतरली. हा लघुग्रह आज पृथ्वीच्या परिसरात फिरतो, पण त्याची माती अतिशय दुर्मीळ अशा सीआय अशनींशी जुळली. त्यांची घडण वायू वगळता सूर्याच्या घडणीशी जवळजवळ तंतोतंत मिळते. त्या मातीतले खनिज पाण्यात भिजून बदललेले होते आणि एका स्फटिकात तर कार्बन डायॉक्साइड विरघळलेले पाणी अडकून राहिलेले सापडले. म्हणजे र्‍युगूचा मूळ पिंड जिथे बनला तिथे कार्बन डायॉक्साइडही गोठत असावा, आणि ती जागा हिमरेषेपेक्षा बरीच बाहेरची ठरते.

ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती आणली, २४ सप्टेंबर २०२३ रोजी. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पृथ्वीवरच्या सजीवांना लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी १४ आणि जनुकीय रेणूंतले पाचही मूलघटक असल्याचे जाहीर झाले. वर्तमानपत्रांचे मथळे साहजिकच तिकडे गेले. आपल्या प्रश्नासाठी मोलाची गोष्ट दुसरीच आहे. त्या मातीत खारे पाणी आटत गेल्यावर मागे राहणारे क्षार होते आणि अमोनियाचे प्रमाण मोठे होते. अमोनिया गोठायला थंडी लागते ती गुरूच्या पलीकडची. सेरेसच्या पृष्ठभागावरही डॉन यानाने २०१५ पासून अमोनियायुक्त माती आणि ऑकेटर विवरात सोडियम कार्बोनेटचे उजळ डाग पाहिले होते. पट्ट्याच्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे एक-तृतीयांश एकट्या सेरेसमध्ये आहे हे लक्षात घेतले, तर ही एखाद्या भटक्या पिंडाची हकिकत नाही हे कळते. बेन्नूच्या बाबतीत आणखी एक विशेष म्हणजे, यान त्याच्याभोवती फिरू लागल्यावर आठवड्याभरातच तो लहान खडे अवकाशात उडवताना दिसला. शेपटी नाही, वाफही नाही, पण सक्रिय आहे.

जन्म कुठला?

इथून पुढे मतभेदाचे मुख्य मैदान सुरू होते. जुन्या बाजूचा आधार १९८२ मधल्या ग्रेडी आणि टेडेस्को यांच्या पाहणीचा आहे. पट्ट्याच्या आतल्या भागात खडकाळ आणि बाहेरच्या भागात कार्बनयुक्त लघुग्रह अधिक असल्याचे त्यांनी दाखवले होते. ही क्रमवार मांडणी तबकडीतल्या तापमानाचीच खूण आहे, पिंड आज जिथे आहेत तिथेच साधारण बनले, असा त्याचा अर्थ लावला गेला. या मतात साधेपणाचे बळ आहे. ग्रहांना इकडेतिकडे हलवण्याची त्याला गरज पडत नाही.

दुसरी बाजू म्हणते की पट्टा हे निर्वासितांचे ठिकाण आहे. २००५ मध्ये मांडलेल्या नीस प्रतिमानात महाग्रहांच्या कक्षा अस्थिर होऊन विस्कटतात आणि नेपच्यूनपलीकडचे पिंड आत फेकले जातात. त्यातले काही पट्ट्यात आणि गुरूच्या ट्रोजनांमध्ये, म्हणजे गुरूच्याच कक्षेत त्याच्या पुढे-मागे फिरणाऱ्या पिंडांमध्ये, अडकले असावेत, असे याच परंपरेतल्या २००९ च्या गणिताने सांगितले. २०११ मध्ये केविन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी याहून धाडसी चित्र मांडले: गुरू सुरुवातीला सूर्यापासून दीड खगोलीय एककापर्यंत आत आला आणि शनीच्या साथीने मागे फिरला. या येरझारांत पट्टा रिकामा झाला आणि आतल्या व बाहेरच्या दोन्ही साठ्यांतून पुन्हा भरला. आक्षेप असा की गुरूचे वळणे अचूक वेळेवर घडावे लागते आणि तसे घडण्यासाठी बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. शॉन रेमंड आणि आंद्रे इझिदोरो यांनी २०१७ मध्ये दाखवले की गुरूच्या एवढ्या प्रवासाशिवायही काम भागते. गुरू आणि शनी वायू ओढून झपाट्याने वाढत असतानाच भोवतालचे पिंड पट्ट्यात ढकलले जातात. पट्टा सुरुवातीला जवळजवळ रिकामाच असेल तरीही.

या वादाला वजन आले ते प्रयोगशाळेतून. क्रोमियम, टायटॅनियम, मॉलिब्डेनम यांच्या समस्थानिकांचे प्रमाण पाहिले तर अशनी दोन गटांत स्वच्छ विभागतात: कार्बनयुक्त आणि इतर. मधले कोणी नाही. २०११ मध्ये पॉल वॉरन यांनी या दुभंगाकडे लक्ष वेधले. २०१७ मध्ये थॉमस क्रुइयर यांच्या गटाने त्याचे कारण मांडले: सूर्यमालेच्या पहिल्या दहा लाख वर्षांतच गुरूचा गाभा पृथ्वीच्या वीसपट झाला आणि त्याने आतबाहेरची ये-जा रोखली. हे बरोबर असेल तर आज शेजारी शेजारी फिरणाऱ्या लघुग्रहांपैकी कार्बनयुक्त गट गुरूच्या पलीकडे जन्मला, म्हणजे भूगोलाने तो धूमकेतूंच्याच मुलखातला. अडथळा गुरूचाच होता का, यावर एकमत नाही. तबकडीतल्या दाबाच्या चढउतारांनीही धूळ अडू शकते, असे म्हणणारा गट आहे. आणि वाइल्ड-२ मधले तप्त कण या भिंतीच्या पलीकडे कसे गेले, हे दोन्ही गटांना समजावून सांगावे लागते. भिंत उभी राहण्यापूर्वीच ते गेले, हे नेहमीचे उत्तर आहे.

र्‍युगूने त्यात नवी गुंतागुंत आणली. लोहाच्या समस्थानिकांवरून २०२२ मध्ये एका गटाने सुचवले की र्‍युगू आणि सीआय अशनी बाकीच्या कार्बनयुक्त गटापासूनही वेगळे आहेत आणि त्यांचे जन्मस्थळ युरेनस-नेपच्यूनच्या परिसरातले असावे. २०२४ मध्ये निकेलच्या समस्थानिकांवरून उलट निष्कर्ष निघाला: जागा एकच, फक्त घटकांचे मिश्रण आणि वेळ वेगळी. पहिले खरे असेल तर र्‍युगू हा जवळजवळ विझलेला धूमकेतूच म्हणावा लागेल. दुसरे खरे असेल तर तसे म्हणता येणार नाही.

उलट दिशेचा प्रवासही घडलेला आहे. २०१४ मध्ये सापडलेला सी/२०१४ एस३ ऊर्ट मेघातून येतो, त्याची कक्षा नखशिखान्त धूमकेतूची आहे, पण वर्णपट पट्ट्याच्या आतल्या भागातल्या खडकाळ लघुग्रहांसारखा. शेपटी अगदी नावापुरती. केरन मीच यांच्या गटाच्या मते तो पृथ्वीच्या परिसरात बनलेला खडक असून अब्जावधी वर्षे त्या शीतगृहात पडून होता. ऊर्ट मेघात असे खडक किती टक्के आहेत, यावरून वरच्या प्रतिमानांपैकी कोणते टिकते ते ठरवता येईल. सध्या मोजदादीला पुरतील इतकी उदाहरणे नाहीत.

पाण्याचा दाखला

साध्या आणि जड हायड्रोजनचे प्रमाण ही पाण्याची ओळखखूण मानली जाते. पृथ्वीच्या समुद्रात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे १५६ जड असतात. हॅलेत ते साधारण दुप्पट निघाले आणि समुद्र धूमकेतूंनी भरले ही कल्पना मागे पडली. २०११ मध्ये हार्टली-२ चे प्रमाण समुद्राशी जुळले आणि ती पुन्हा पुढे आली. २०१४ च्या डिसेंबरमध्ये रोझेटाने ६७पीवर तिपटीहून जास्त आकडा मोजला आणि ती पुन्हा मागे गेली. कार्बनयुक्त अशनींचे प्रमाण समुद्राच्या जवळ असल्याने मग पारडे लघुग्रहांकडे झुकले. तेही स्थिर राहिले नाही. लोरेट पियानी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की कोरड्या समजल्या जाणाऱ्या एन्स्टेटाइट अशनींमध्येच समुद्र कितीतरी वेळा भरेल इतका हायड्रोजन आहे, म्हणजे पाणी बाहेरून आणण्याची गरजच कदाचित नव्हती. २०२४ मध्ये कॅथलीन मँट आणि सहकाऱ्यांनी रोझेटाची मोजमापे पुन्हा तपासली. धुळीच्या कणांवरून सुटणाऱ्या पाण्यामुळे आकडा फुगला होता आणि गाभ्यातले प्रमाण समुद्राच्या बरेच जवळ असावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

ही मोजमापे धूमकेतूंना दोषी किंवा निर्दोष ठरवण्यासाठी वापरली गेली, तो वापर आता घाईचा वाटतो. एकाच धूमकेतूचा आकडा मोजण्याच्या जागेनुसार बदलत असेल, तर त्यावरून जात ठरवणे कठीण. निष्क्रिय वायू अधिक भरवशाचे दिसतात. ६७पीवरच्या झेनॉनवरून २०१७ मध्ये असा हिशेब निघाला की आपल्या वातावरणातला सुमारे २२ टक्के झेनॉन धूमकेतूंनी आणला, पण त्याच हिशेबाने समुद्राच्या पाण्यातला त्यांचा वाटा अगदी थोडा भरतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दोन टोकांवर उभे राहून भांडताना ही शक्यता बराच काळ दुर्लक्षित राहिली.

पृथ्वीवरच्या जखमांबाबतही हाच प्रश्न विचारला जातो. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत चिक्शुलूब इथे आदळलेला पिंड धूमकेतूचा तुकडा असावा, असे २०२१ मध्ये मांडले गेले होते. २०२४ मध्ये रुथेनियमच्या समस्थानिकांनी तो कार्बनयुक्त लघुग्रह असल्याचे, म्हणजेच गुरूपलीकडच्या साहित्याचा असल्याचे दाखवले. आपल्या लोणारचा खड्डा, बेसॉल्टमधला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, त्याचे तर वयच सुमारे पन्नास हजार वर्षांपासून पाच-सहा लाख वर्षांपर्यंत वेगवेगळे सांगितले जाते. त्याच्या पिंडाच्या कुळाची चर्चा अजून फार पुढे गेलेली नाही.

शेपटीविना धक्का

२०१७ मध्ये बाहेरच्या ताऱ्याकडून आलेला ओउमुआमुआ सूर्यमालेतून गेला. त्याला धूसर आवरण नव्हते, तरी गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा तो किंचित वेगळा हलला. यावर लिहिल्या गेलेल्या बऱ्याच मजकुराला इथे जागा देण्याचे कारण नाही. उपयोगी भाग एवढाच की त्यामुळे आपल्याच सूर्यमालेतल्या तशा वस्तू शोधल्या गेल्या. डॅरिल सेलिगमन यांच्या गटाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये एकूण १४ लहान पिंड दाखवले. ते दिसतात लघुग्रह, पण त्यांना व्हिपल यांच्या फवाऱ्यांसारखा धक्का बसतो. त्यांना 'काळे धूमकेतू' म्हटले जाते. मोठे बाहेरच्या लांबट कक्षांत आहेत आणि अगदी लहान आतल्या गोलसर कक्षांत. वायू सुटत असेल तर दिसत का नाही, याची दोन उत्तरे दिली जातात. एक, पृष्ठभागावरची बारीक धूळ आधीच उडून गेली असावी, त्यामुळे चमकायला काही उरले नाही. दुसरे, धक्क्याचे कारण वायू नसून सूर्यप्रकाशाचा दाबच असावा. दुसरे उत्तर सगळ्या पिंडांना लागू पडत नाही, पहिले अजून तपासलेले नाही. हायाबुसा-२ हे यान २०३१ मध्ये १९९८ केवाय२६ या अवघ्या काही मीटरच्या पिंडाजवळ पोहोचणार आहे आणि तो याच यादीतला आहे.

अजून न सुटलेले

'अखंड रांग' ही कल्पना आता बहुतेकांना मान्य दिसते. कोरड्या खडकापासून बर्फाळ गाभ्यापर्यंत मधले सगळे टप्पे सापडले आहेत. मला मात्र ती अर्धवट वाटते. ती आज काय दिसते त्याचे वर्णन करते, तसे का झाले ते सांगत नाही. समस्थानिकांतला दुभंग अखंड नाही, तो दुभंगच आहे. म्हणजे बर्फाच्या प्रमाणात रांग आहे आणि जन्मस्थळात भिंत आहे. ही दोन निरीक्षणे एकत्र कशी बसवायची, हा आजच्या घडीचा खरा प्रश्न असावा. त्यातली मोठी उणीव अशी की धूमकेतूच्या गाभ्यातली माती समस्थानिकांच्या या चाचण्यांना पुरेल इतकी अजून कोणी आणलेलीच नाही. स्टारडस्टचे कण धुळीचे होते आणि वजनाने नगण्य. कार्बनयुक्त अशनींना धूमकेतूंचे सख्खे भाऊ म्हणावे की चुलत, हे त्या नमुन्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तसा नमुना आणणारी मोहीम सध्या मार्गस्थ नाही.

जे मार्गस्थ आहे त्यातून थोडे हाती लागेल. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिल्याच प्रतिमांत दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह दाखवले. पुढच्या दहा वर्षांच्या पाहणीत ऊर्ट मेघातले खडक आणि पट्ट्यातल्या शेपट्या मोजदादीला पुरतील इतक्या सापडतील, अशी अपेक्षा आहे. ल्युसी यान २०२७ पासून गुरूच्या ट्रोजनांजवळून जाईल. ते खरोखर नेपच्यूनपलीकडून आलेले असतील, तर नीस प्रतिमानाची ती पहिली जवळून परीक्षा ठरेल. चीनचे थियानवन-२ मे २०२५ मध्ये निघाले आहे. आधी कामोओआलेवा या लहान पिंडाची माती घेऊन, मग २०३५ च्या सुमारास ते ३११पीपाशी पोहोचेल. मोहिमेच्या कागदपत्रांत ३११पी हा मुख्य पट्ट्यातला धूमकेतू म्हणून नोंदवलेला आहे. त्याच्या सहा शेपट्या गिरकीने सुटल्या असे बहुतेकांचे मत असताना तिथे बर्फ सापडला, तर धडक-गिरकी आणि वाफ यांना वेगळी कारणे मानण्याची आजची पद्धतही तपासून घ्यावी लागेल.